मार्लवाईचा शत्रू-नागरिक

पांढरकवड्याहून दक्षिणेकडे निघालं की ४४ नंबरच्या राष्ट्रीय महामार्गावर पैनगंगेचा पूल लागतो आणि महाराष्ट्र संपतो. मराठी मात्र संपत नाही. पलीकडच्या पहिल्याच टपरीवर मी मोडकीतोडकी हिंदी जुळवत होतो, तर चहावाला म्हणाला, "साखर कमी टाकू का, भाऊ?" पाट्यांवरची अक्षरं गोल होतात, एस.टी.च्या जागी तेलंगणाची बस दिसते. पण माती तीच काळी, पिकं तीच कापूस-तुरीची आणि डिसेंबरात रस्त्याने डुलत जाणारे कापसाचे ट्रॅक्टरही तेच. आदिलाबाद हा १९०५ साली झालेला निजामी जिल्हा. १९५६ च्या भाषावार रचनेत त्यातला राजुऱ्याचा आणि किनवटचा भाग अलीकडे आला. जैनद, बेला ही गावं पलीकडेच राहिली. तिथे अजून मराठी बोलणारी घरं पुष्कळ आहेत, पोरं शाळेत तेलुगू शिकतात आणि टीव्हीवर दोन्ही बघतात.

पैनगंगा इथे सरहद्द झाली ती मात्र १९५६ च्या फार आधी, आणि तीही दोस्तीपायी. १७९८ मध्ये हैदराबादच्या निजामाने वेलस्लीची तैनाती फौज पत्करली. फौज इंग्रजांची, खर्च निजामाचा. पुढे निजामाच्याच पैशावर उभ्या केलेल्या 'हैदराबाद कंटिंजंट' या दुसऱ्या फौजेचा खर्च थकत गेला आणि १८५३ मध्ये त्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. नदीच्या उत्तरेला इंग्रजी कारभार, दक्षिणेला निजामाचा. पहिल्या महायुद्धात निजामाने पैसा आणि माणसं पुरवली, तेव्हा ब्रिटिशांनी त्याला 'विश्वासू दोस्त' असा अधिकृत किताब दिला. वऱ्हाड परत मिळालं नाही ते नाहीच. देशांच्या दोस्तीचा हिशेब असा असतो, आणि मी निघालो होतो तो अशाच एका मोठ्या दोस्ती-दुश्मनीचा धागा शोधत, जो युरोपातून सुटून आदिलाबादच्या सागवानी जंगलात येऊन अडकला होता.

मुक्काम गाठायचा होता मार्लवाई. उटनूरच्या पुढे जैनूर मंडलातलं राज गोंडांचं छोटं गाव. २०१६ मध्ये जिल्ह्याचे तुकडे झाले तेव्हा ते कोमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलं, पण बसच्या कंडक्टरपासून गावच्या पाटलापर्यंत सगळे अजून 'आदिलाबाद'च म्हणतात. तिथे एका ऑस्ट्रियन माणसाची आणि त्याच्या इंग्रज बायकोची समाधी आहे. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ आणि बेटी. दुसरं महायुद्ध झालं नसतं, तर ही दोन माणसं या मातीत आली नसती.

आदिलाबाद शहरात थांबण्यासारखं मला फारसं दिसलं नाही. मार्केट यार्डात कापसाच्या गाड्यांची रांग आणि धुळीचा लोट. गुडीहतनूरला महामार्ग सोडून बस पूर्वेला वळते, आणि मग हळूहळू झाडी वाढत जाते. इंद्रवेल्ली लागतं. २० एप्रिल १९८१ ला इथे जमिनीच्या मागणीसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा, लोकांचा त्याहून पुष्कळ मोठा. स्तूपासारखं स्मारक आहे. शेजारचं केसलापूर म्हणजे मेस्राम गोंडांच्या नागोबाचं ठाणं. त्याकडे नंतर येतो.

उटनूरला बस बदलायची होती; पुढची बस कधी येईल याची खात्री नव्हती म्हणून जीप केली. बसल्या बसल्या मी हायमेनडॉर्फचं आयुष्य मनात लावून पाहत होतो. शाळेत आपल्याला महायुद्धाची 'दूरगामी कारणं' आणि 'तात्कालिक कारण' पाठ करायला लावायचे, पाच मार्कांना. या एका माणसाच्या जन्मतारखेपासून वाचत गेलं तर ती सगळी कारणं आपोआप ओळीने येतात.

जन्म १९०९, व्हिएन्ना, उमराव घराणं. तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी हे मोठं साम्राज्य होतं आणि युरोप दोन तंबूंत वाटला जात होता. एकीकडे जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि त्यांच्याबरोबर कागदोपत्री इटली. हा करार १८८२ चा. दुसरीकडे फ्रान्स आणि रशिया, आणि १९०७ पर्यंत त्यांच्याशी जुळवून घेतलेलं ब्रिटन. प्रत्येकाला वाटत होतं की दोस्त जोडले की आपण सुरक्षित. प्रत्यक्षात झालं उलटं. २८ जून १९१४ ला सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. महिन्याने ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं. सर्बियासाठी रशिया हलला, रशिया हलला म्हणून जर्मनी, मग फ्रान्स, आणि बेल्जियमवर जर्मन सैन्य चालून गेल्यावर ब्रिटन. ऑगस्टचा पहिला आठवडा संपेपर्यंत युरोपातल्या बहुतेक मोठ्या सत्ता लढाईत होत्या. मुंबई आणि पुण्याकडची माणसंही मेसोपोटेमियात मरायला निघाली, ज्यांना सर्बिया कुठे आहे ते माहीत नव्हतं.

युद्ध संपलं तेव्हा हा मुलगा नऊ वर्षांचा होता आणि त्याचं साम्राज्य उरलं नव्हतं. १९१९ मध्ये नव्या ऑस्ट्रियन प्रजासत्ताकाने सरदारक्या कायद्याने रद्द केल्या. त्याच वर्षी व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर युद्धाचा दोष आणि भरपाई लादली. या तहाची शिक्षा फार कडक होती की कडक असून अंमल ढिला होता, यावर इतिहासकार अजून भांडतात. मला दुसरा मुद्दा पटतो. शिक्षेने जर्मनी दुखावला खरा, पण दुबळा झाला नाही. १९२९ च्या मंदीने बेकारांच्या फौजा उभ्या केल्या, ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर झाला, आणि त्यानंतर एकेक अट मोडत गेला तरी कुणी हात धरला नाही. इटलीला ॲबिसिनिया हवा होता, जपानला चीन. १९३१ ला मांचुरिया घेतल्यावर १९३७ पासून जपान चीनशी उघड लढत होता. तिघांची तक्रार एकच होती की जगाची वाटणी झाली तेव्हा आपल्या पानात कमी वाढलं.

मार्च १९३८ मध्ये जर्मन सैन्य व्हिएन्नात शिरलं आणि ऑस्ट्रिया नावाचा देश नकाशावरून गेला. त्या दिवसापासून ऑस्ट्रियन माणूस कायद्याने जर्मन झाला. हायमेनडॉर्फ तेव्हा तरुण मानववंशशास्त्रज्ञ होता. १९३६-३७ मध्ये नागा टेकड्यांत कोन्याक नागांबरोबर राहून आलेला. १९३८ मध्येच त्याने बेटी बार्नार्डोशी लग्न केलं. १९३९ मध्ये तो पुन्हा हिंदुस्थानात आला तो जर्मन पासपोर्ट खिशात घेऊन.

तोवर म्युनिकचा करार होऊन गेला होता, प्राग जर्मनीच्या ताब्यात गेलं होतं, आणि ब्रिटनने पोलंडला हमी दिली होती. २३ ऑगस्टला हिटलर आणि स्टालिन यांनी अनाक्रमणाचा करार केला. पोलंड मधल्यामध्ये सापडला. १ सप्टेंबरला हल्ला, ३ सप्टेंबरला ब्रिटन आणि फ्रान्सची युद्धघोषणा. त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगोने हिंदुस्थानही युद्धात असल्याचं जाहीर केलं. कुणाला विचारलं नाही. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी दोन महिन्यांत राजीनामे दिले. आणि हैदराबादेत असलेला हा विद्वान एका रात्रीत 'शत्रुराष्ट्राचा नागरिक' ठरला.

इंग्रजांनी अशा लोकांना धरून छावण्यांत ठेवलं. त्यांतली एक आपल्या अहमदनगरला होती. हाइनरिश हारर हा दुसरा ऑस्ट्रियन, नंगा पर्वताच्या मोहिमेवरून परतताना कराचीत पकडला गेला, आधी नगरला आणि मग डेहराडूनला ठेवला गेला. १९४४ मध्ये छावणीतून निसटून तिबेटात पळाला आणि पुढे त्या प्रवासावरच्या पुस्तकाने जगप्रसिद्ध झाला. हायमेनडॉर्फचं नशीब वेगळं. ब्रिटिश अधिकाऱ्यांत त्याच्या ओळखी होत्या, बायको त्यांच्यातलीच. त्याला निजामाच्या मुलखाबाहेर पाऊल टाकायचं नाही या अटीवर मोकळं सोडलं. इतक्या मोठ्या तुरुंगात काय करायचं, तर जंगलात जायचं. तो आधी अमराबादच्या पठारावरच्या चेंचूंकडे गेला, मग गोदावरीकाठच्या कोंडा रेड्ड्यांकडे, आणि १९४१ मध्ये आदिलाबादच्या गोंडांकडे.

त्याला गोंडांकडे जावं लागलं त्याला कारण झालं ते जोडेघाट.

मार्लवाईच्या आधी जोडेघाट बघायचं ठरवलं ते म्हणूनच. केरामेरीचा घाट उतरावा लागतो. वळणं अशी की जीपवाला पोरगा गप्पा मारायचा थांबला. जोडेघाट डोंगराच्या कुशीत आहे. तिथे गोंडांच्या बंडाचा पुढारी कोमराम भीम याचा बंदूक घेतलेला पुतळा आहे, सरकारने बांधलेलं आदिवासी संग्रहालय आहे. संग्रहालय नेटकं आहे, पण मला जास्त सांगून गेली ती बाहेरची जमीन. उताराच्या छोट्या पट्ट्या, दगड वेचून बाजूला रचलेले आणि त्या पट्ट्यांना घासून उभं असलेलं जंगल. भांडण नेमकं त्या कडेचं होतं.

निजामाच्या जंगल खात्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून राखीव जंगलाच्या हद्दी आखायला घेतल्या. गोंड आणि कोलाम फिरती शेती करत; पड टाकलेली जमीन त्यांच्या हिशेबाने त्यांची, खात्याच्या हिशेबाने सरकारी. वस्त्या उठवल्या गेल्या, काही जाळल्या गेल्या. चराईला पैसे, लाकडाला पैसे. खालच्या सपाटीवर महाराष्ट्रातून आणि तेलुगू मुलखातून आलेले शेतकरी आणि सावकार पट्टे नावावर करून घेत होते. (त्यांत आपले लोकही होते, हे आपण प्रवासवर्णनात सहसा लिहीत नाही.) भीमचं घराणं याच फेऱ्यात सापडलेलं. एका खुनानंतर तो पळाला, चांद्याच्या छापखान्यात आणि मग आसामच्या चहामळ्यांत राहिला असं लोक सांगतात. परत आल्यावर जोडेघाट, बाबेझरी आणि आसपासच्या बारा गावांनी जमीन आमची म्हणत सरकारी माणसांना रोखलं. 'जल, जंगल, जमीन' ही घोषणा त्याच्या नावाशी कायमची जोडली गेली. १९४० मध्ये पोलीस डोंगर चढून आले आणि भीम मारला गेला. तारखेबद्दल वाद आहे, पण लोक आश्विन पौर्णिमा धरतात, आपल्या कोजागिरीचा दिवस, आणि दर वर्षी त्या दिवशी जोडेघाटला मोठी गर्दी होते.

आता त्याच आठवड्यांत जगात काय चाललं होतं ते बघा. २७ सप्टेंबर १९४० ला बर्लिनमध्ये जर्मनी, इटली आणि जपान यांचा त्रिपक्षीय करार झाला. दोन वेगळी युद्धं, एक युरोपातलं आणि एक आशियातलं, कागदावर एकत्र आली. फ्रान्स जूनमध्येच पडला होता. इंग्लंडच्या आकाशात लुफ्तवाफे आणि रॉयल एअर फोर्स यांची झुंज चालू होती, आणि दक्षिण किनाऱ्यावर वॉर्मवेलच्या धावपट्टीवरून जी स्पिटफायर विमानं उडत होती त्यांतल्या एका तुकडीचं नाव १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन. निजामाच्या देणगीमुळे ते नाव. बिल्ल्यावर निजामाची पगडी, खाली ब्रीद 'विश्वासू दोस्त'. म्हणजे हैदराबादच्या तिजोरीतून इंग्लंडच्या स्वातंत्र्याचं आकाश राखलं जात होतं, आणि त्याच तिजोरीतून पगार घेणारे शिपाई जोडेघाटच्या डोंगरावर बारा गावांचं राज्य मोडत होते. दोन्ही हुकूम एकाच दरबारातून निघालेले. मला यात ढोंग दिसत नाही, फक्त दोस्ती कुणाशी असते एवढं दिसतं. गोंडांशी कुणाचा करार नव्हता.

बंड मोडलं, पण सरकार हादरलं. असं का झालं ते शोधून सांगायला माणूस हवा होता, आणि माणूस संस्थानातच अडकून पडला होता.

मार्लवाईला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गावात शिरताना प्रत्येक ओसरीवर कापूस. पोती भरायची बाकी, म्हणून जमिनीवरच गंज घातलेला. एक बाई त्यात मांडी घालून बसली होती आणि बोंडातला काळा-पिवळा कवडी कापूस वेगळा काढत होती. तो भाव पाडतो. तिची बोटं इतकी सरावलेली की ती माझ्याकडे बघत बघत निवडत होती. "राम राम," मी म्हटलं. "राम राम. समाधी पाह्याला आले काय?" बाहेरचा माणूस इथे दुसऱ्या कशाला येतो?

शेजारीशेजारी दोन समाध्या आहेत. बेटी ११ जानेवारी १९८७ ला हैदराबादेत वारली आणि तिला इथे आणून पुरलं. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनला वारला. त्याच्या अस्थी २०१२ मध्ये आणून तिच्या शेजारी ठेवल्या. दर ११ जानेवारीला गोंड इथे जमतात, अधिकारी येतात, भाषणं होतात. गुसाडी नाच असतो; मोरपिसांचा भला मोठा टोप घालून दिवाळीच्या दंडारीत नाचतात तोच. त्या नाचासाठी पद्मश्री मिळालेले कनक राजू याच गावचे.

एक म्हातारे गृहस्थ बाज टाकून बसले होते. त्यांचा बाप 'साहेबा'बरोबर गावोगाव हिंडलेला. मराठी त्यांची गोंडीइतकीच सराईत, वऱ्हाडी वळणाची.

"काय करे तो दिवसभर, बाबा?"

"लिहे. मोठी वही राहे त्याच्यापाशी. कोणाची जमीन कोणी घेतली, कोण कोणत्या पाडीचा, देवाले काय वाहिलं, समदं लिहे. बाई फोटो काढे, हिशेब ठेवे, दवाई दे."

"आणि लढाई चालली होती ते माहीत होतं का गावाला?"

"माह्या बाप सांगे ना. रॉकेल भेटेना झालं, तव्हा समजलं का कुठंतरी लढाई हाय."

हे वाक्य मला कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकातल्या प्रकरणापेक्षा नेमकं वाटलं. रॉकेल ब्रह्मदेशातून येत असे. जपानला तेल हवं होतं. अमेरिकेने १९४१ च्या उन्हाळ्यात त्याचं तेल तोडलं. म्हणून जपानने आग्नेय आशियातल्या तेलाकडे झेप घेतली. ७ डिसेंबरचा पर्ल हार्बर सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या साधारण तासभर आधी मलायात कोटा भारू इथे जपानी सैन्य उतरलं होतं, आणि तिथल्या विमानतळाच्या रक्षणाला होती निजामाची हैदराबाद इन्फंट्री. पलटणीचा धीर सुटला, तिचा इंग्रज कर्नल त्या गोंधळात मारला गेला. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, ८ मार्चला रंगून. ब्रह्मदेशाचं तेल आणि तांदूळ दोन्ही बंद. पुढच्या वर्षी बंगालमध्ये वीस-तीस लाख माणसं उपासमारीने आणि रोगांनी मेली. त्यात तांदूळ तुटल्याचा वाटा होता, सरकारी बेफिकिरीचा आणि साठेबाजीचा त्याहून मोठा. मार्लवाईत तेवढं काही झालं नाही, नुसता संध्याकाळी दिवा लागेना.

कापसाचीही एक गोष्ट आहे, ती मला आदिलाबादच्या यार्डात आठवायला हवी होती. वऱ्हाड-मराठवाड्याकडचा आखूड धाग्याचा कापूस मुंबईच्या बाजारात 'ऊमरा' म्हणून विकला जाई आणि त्याचं मोठं गिऱ्हाईक जपान. युरोपची गिऱ्हाइकं १९४० मध्येच गेली होती, जपानचं १९४१ मध्ये गेलं. हा कापूस घ्यायला कुणी उरलं नाही. सरकारने मग आखूड धाग्याचा पेरा कमी करून धान्य पेरा म्हणत 'अधिक धान्य पिकवा' मोहीम काढली. दुसऱ्या बाजूला जंगलाचं काही खरं नव्हतं. सागवान, रेल्वेचे स्लीपर, बेल्लमपल्लीचा कोळसा, सगळ्याला मागणी. १९३८ मध्ये स्थापन झालेली सिरपूरची कागद गिरणी या डोंगरातल्या बांबूवर युद्धातच कागद काढू लागली. ज्या जंगलात गोंडांना कुऱ्हाड घेऊन शिरायची बंदी, तिथे ठेकेदारांना रस्ता.

हायमेनडॉर्फ हे सगळं बघत लिहीत होता. त्याच्या अहवालांचा सूर सरकारी नव्हता. बंडाचं कारण त्याने गोंडांच्या स्वभावात शोधलं नाही. जमीन, जंगल आणि खालच्या नोकरशाहीची लाचखोरी यांत शोधलं. त्याला ऐकून घेणारे वरिष्ठही मिळाले, त्यांत पुढे महसूलमंत्री झालेला ग्रिगसन, ज्याने स्वतः बस्तरच्या माडियांवर पुस्तक लिहिलं होतं. लावणीचे खास नियम करून गोंड आणि कोलामांना हजारो एकरांचे पट्टे नावावर करून देण्यात आले. १९४३ मध्ये मार्लवाईत शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र निघालं. आणि इथे आपला संबंध येतो. गोंडीला शिकवायची लिपी कुठली घ्यायची? राज्यभाषा उर्दू, दक्षिणेला तेलुगू. पण थोडंफार लिहितावाचता येणारे जे गोंड मिळाले ते मराठीतून शिकलेले. म्हणून गोंडीची पहिली वाचनमाला देवनागरीत निघाली.

हैदराबादच्या मुलकी सेवेतले सेतुमाधवराव पगडी, जे पुढे मराठ्यांच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक म्हणून आपल्याला माहीत झाले, ते याच सुमारास आदिलाबादेत होते. ते गोंडी शिकले, गोंडीचं व्याकरण लिहिलं, आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. फारसी दफ्तरांतून शिवकाल उलगडणारे पगडी सगळ्यांच्या कपाटात असतात. गोंडांच्या वस्तीवर बसून क्रियापदं उतरवून घेणारे पगडी फारसे कुणाला ठाऊक नाहीत. मराठी अभ्यासकांनी हा भाग पुन्हा उघडायला हवा.

संध्याकाळी बाबांनी एका परधानाला बोलावून घेतलं. परधान हे गोंडांचे भाट. त्यांच्याजवळ किकरी असते, घोड्याच्या केसांच्या तीन तारांची, गजाने वाजवायची. गंमत अशी की आदिलाबादच्या परधानांची घरची भाषा मराठी; देवांच्या आणि कुळांच्या कथा मात्र ते गोंडीत गातात. हायमेनडॉर्फच्या १९४८ च्या 'राज गोंड' ग्रंथातला पुराणांचा भाग अशाच गायकांच्या तोंडून उतरलेला आहे. मला शब्द कळत नव्हते. मध्येच थांबून तो मराठीत सांगे, "आता इथं देव गुहेतून बाहेर येतात," आणि पुन्हा गज फिरवी.

१९४४ मध्ये मात्र युद्धाने या माणसाला पुन्हा हलवलं. मार्चमध्ये जपानी सैन्य इम्फाळ आणि कोहिमावर चालून आलं. जुलैपर्यंत ते मोडलं. त्या लढाईत इम्फाळच्या आकाशात तीच हैदराबाद स्क्वाड्रन होती, आता ब्रह्मदेशाच्या आघाडीवर पाठवलेली. ज्या नागा टेकड्यांत हायमेनडॉर्फ तरुणपणी राहिला होता त्याच आता रणांगण झाल्या होत्या. आसामच्या पलीकडच्या सीमेवरचा मुलूख कुणी नीट पाहिलेलाही नव्हता, आणि तिथल्या लोकांशी बोलू शकेल असा माणूस सरकारला हवा होता. पाच वर्षांपूर्वी ज्याला शत्रू म्हणून अडकवलं, त्यालाच ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने सुबनसिरी भागाचा खास अधिकारी म्हणून आपातानी जमातीकडे पाठवलं. पासपोर्ट काही बदलला नव्हता, सरकारची नड बदलली होती.

बाकीचा क्रम सर्वांना माहीत आहे. जून १९४१ मध्ये हिटलरने स्टालिनशी केलेला करार मोडून रशियावर हल्ला केला, तिथेच खरं तर जर्मनीची कंबर मोडली. स्टालिनग्राडने त्यावर शिक्का मारला. इटलीच्या आघाडीवर मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले, घाडग्यांनी प्राण देऊन. मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आला, ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकी. पंचवीस लाख हिंदी सैनिक या युद्धात उतरले होते, तेही कुणाला न विचारता जाहीर झालेल्या.

युद्धानंतर हायमेनडॉर्फ निजामाच्या सरकारचा आदिवासींसाठीचा सल्लागार झाला, उस्मानियात शिकवू लागला. निजामाचा 'विश्वासू दोस्त' हा किताब १५ ऑगस्ट १९४७ ला एका रात्रीत निरुपयोगी झाला. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईच्या वेळी ब्रिटनने बोट हलवलं नाही. हायमेनडॉर्फ लंडनला गेला, तिथे प्राध्यापक झाला, पण मार्लवाईला येत राहिला. आणि प्रत्येक वेळी आला तेव्हा काहीतरी कमी झालेलं दिसे. शाळा तेलुगू झाल्या. रस्ते आले तसे जमिनीचे गिऱ्हाईक आले. आदिवासींची जमीन बिगरआदिवासींकडे जाऊ नये म्हणून १९५९ चा आणि १९७० चा कायदा झाला, तरी चाळीसच्या दशकात मिळालेले पट्टे कर्जात, लग्नात, खोट्या नोंदींत विरघळत गेले. १९८२ च्या त्याच्या पुस्तकात हा राग लपत नाही. इंद्रवेल्लीचा गोळीबार त्याच्या आदल्याच वर्षीचा.

परतताना केसलापूरला उतरलो. जत्रा नव्हती, त्यामुळे नागोबाचं मंदिर निवांत होतं. पौष अमावास्येला इथे मेस्राम लोक गोदावरीचं पाणी पायी आणून देवाला घालतात, बैलगाड्यांनी माळ भरून जातो. जायचं असेल तर तेव्हाच जावं, आणि नांदेड-किनवटमार्गे रेल्वेने आदिलाबाद गाठून पुढे बस धरावी. जत्रेत खास गाड्या सुटतात. याच जत्रेत चाळीसच्या दशकात हायमेनडॉर्फने दरबार सुरू केला: अधिकाऱ्यांनी मंडपात बसायचं आणि गोंडांनी समोर उभं राहून तक्रार सांगायची, जेणेकरून जोडेघाटची पाळी पुन्हा येऊ नये. दरबार अजून भरतो. कलेक्टर येतात, मंत्री येतात. देवळाशेजारच्या दुकानात नारळ फोडून देणाऱ्या माणसाला विचारलं, "दरबारात लोक काय मागतात हो?"

"पट्टे," तो म्हणाला, "आन् जंगलवाल्यांची तक्रार. दुसरं काय मागतील?"